सोबतीचा घास

किल्ली कुलपात घालण्याआधीच तिला आवाज आला. दाराच्या पलीकडून, जमिनीलगतून, सुक्या गवताची काडी बारीक दातांखाली मोडत जावी तसा. करकर, करकर, करकर, मग एक अडखळ, चावणाऱ्याला मध्येच काही आठवावं तशी, आणि पुन्हा करकर. ती अडखळ इतकी ओळखीची होती की दुसऱ्या कुणाचा संशय घ्यायला जागाच नव्हती. त्याचा पुढचा एक दात किंचित तिरपा होता आणि थोडं चावून झालं की तो जबडा सावरून घ्यायचा. ती काम करायची त्या हॉस्पिटलच्या व्यायामाच्या विभागात पाण्याचा पाइप फुटला, फरशीवर तळं साचलं, घसरून कुणी पडायला नको म्हणून सगळ्या पेशंटना परत पाठवलं आणि ती भरदुपारी घरी आली होती. एरवी या वेळी ती या दारापाशी कधीच नसे. म्हणजे एरवी या वेळी दाराआड काय चालतं हे तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. ती किल्ली हातात धरून उभी राहिली. चपलेचा आवाज होईल म्हणून पायसुद्धा हलवला नाही. आनंद व्हायला हवा होता. सगळी खटपट ज्याच्यासाठी, ते पलीकडे चाललं होतं. तो खात होता, एकटा खात होता, चांगला ताव मारून खात होता. आणि तिच्या पोटात मात्र काहीतरी खाली खाली जात होतं, लिफ्ट एकदम सुटल्यावर जातं तसं. चोरी पकडल्यासारखं वाटत होतं, फक्त चोर दाराच्या कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं.

मग तिने जे केलं त्याचं तिचं तिलाच पुढे नवल वाटत राहिलं. ती खोकली. मुद्दाम, मोठ्याने, घरातल्यांना सावध करायला पूर्वीच्या काळी सासरे खोकत तशी. किल्लीही नको इतकी खडखडवली. आतला आवाज थांबला. दार उघडलं तर पाहुणा ससा आपल्या कोपऱ्यात रबरी चटईवर भिंतीकडे तोंड करून बसलेला, कान पाठीवर टाकून, अगदी साळसूद. गवताच्या टोपलीशी आपली जन्मात ओळख नाही, असा चेहरा. ओठाच्या कडेला तेवढी एक काडी लोंबत राहिली होती. "लबाडा," ती म्हणाली. शब्द हसत म्हणायचा होता, तो तसा बाहेर पडला नाही. तिने पर्स ठेवली, हात धुतले, काकडी घेतली, त्याची पानं समोर टाकली, आणि रोजच्या जागी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. कच् करून पहिला घास तोडला. तो वळला, नाक हलवत हलवत आला, तिच्या मांडीपासून हातभर अंतरावर बसला आणि पानं खायला लागला. ती चावली की तो चावायचा, ती थांबली की थांबायचा. रोज बघून जीव भरून येई असं ते दृश्य. आज तिला ते बघवेना. पोट भरलेला माणूस यजमानाचं मन राखायला दोन घास जास्त घेतो ना, तसा तो खात होता, असं तिला वाटलं. आणि एकदा वाटलं ते वाटलंच.

पाहुणा हे काही त्याचं नाव नव्हे. नाव ठेवायची मनाईच होती. "नाव ठेवलं की पोर आपलं होतं," लॉन्ड्रीवालीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लॉन्ड्रीवालीच्या दुकानामागे एक खोली होती. पुढे इस्त्रीची वाफ, मागे लोकांनी टाकून दिलेल्या सशांचे पिंजरे. कपडे द्यायला गेलेलं गिऱ्हाईक कधी कधी ससा घेऊन परतायचं, तशीच तीही परतली होती. "तुझे हात बरे आहेत," लॉन्ड्रीवाली म्हणाली होती, "मोडक्या माणसांना चालवतेस, याला चालव. उभा राहिला, खायला लागला, की मी घर बघते. तोवर तुझ्याकडे." कुठल्याशा इमारतीतले भाडेकरू घर सोडून गेले होते. जाताना पडदेसुद्धा काढून नेले, गॅलरीतला पिंजरा तेवढा विसरले. पिंजऱ्यात दोन ससे होते. एक मेलेला होता आणि दुसरा त्याला टेकून बसला होता. हे सांगताना लॉन्ड्रीवालीने इस्त्री बाजूला ठेवली होती, एवढंच. आवाज बदलला नव्हता.

पिंजऱ्याच्या तळाच्या तारेवर बसून बसून त्याच्या मागच्या पायांचे तळवे केस जाऊन लाल झाले होते. नखं वाढून वळली होती. गुळगुळीत फरशीवर ठेवला की पाय फाकत, आणि मग तो हलायचाच नाही. हे तिला नवं नव्हतं. चालता येत नाही म्हणून न चालणारी माणसं थोडी. पडण्याची धास्ती घेऊन बसलेली फार. तिने विभागातली जुनी चटई मागून आणली, पान अंगठाभर पुढे ठेवलं, मग वीतभर, मग टेबलाच्या पायापर्यंत. पाय आले. खाणं मात्र येईना. गवताच्या भुकटीची पेज करून पिचकारीने गालातून सोडावी लागे. "सशाचं पोट म्हणजे गिरणी," लॉन्ड्रीवाली सांगायची, "सारखं काही ना काही पडत राहायला हवं. गिरणी थांबली की आटोपलं, त्याला मग डॉक्टरही फार काही करू शकत नाही." रोज सकाळी ती लेंड्या बघायची. मोठ्या, गोल, कोरड्या असल्या की दिवस बरा जायचा. लहान, वेड्यावाकड्या असल्या की विभागात पेशंटचा गुडघा वाकवताना तिचं लक्ष घराकडे.

आणि मग एका संध्याकाळी ती दमून तशीच जमिनीवर बसली. वडील गेल्यापासून ती घरात बसून जेवलीच नव्हती. ओट्याशी उभ्या उभ्या, पातेल्यातूनच, एक नजर घड्याळाकडे. एकट्या माणसाने ताट वाढून घ्यायचं म्हणजे नाटकात स्वतःच टाळ्या वाजवण्यापैकी. त्या दिवशी उभं राहायचंही त्राण नव्हतं, म्हणून भिंतीला टेकून न चिरलेली काकडी दाताने तोडत बसली. आणि त्या आवाजाला तो आला. आला, वास घेतला, बसला, आणि समोर पडलेलं पान त्याने ओढून घेतलं. ती रडली नाही. चावत राहिली, कारण थांबलं तर तो थांबेल. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन पंगती जमिनीवर. ती ताट घेऊन बसायला लागली. समोरची काकू दारातून डोकावून म्हणायची, "काय म्हणतायत जावईबापू? जेवले का? आमच्या घरी नाही बाई कुणी असं मांडीला मांडी लावून बसत." आणि जाता जाता, "अंगावर मूठभर मांस चढलंय हं. सशाच्या नव्हे, तुझ्या."

पाहुण्याची दुपार ऐकली त्याच संध्याकाळी लॉन्ड्रीवालीचा फोन आला. पुस्तकं बांधणारा एक बाइंडर आणि त्याची बायको, त्यांच्याकडे एक ससीण होती, तिचा जोडीदार गेला होता. पाहुण्याला तिथे द्यायचं ठरतच होतं. अट एकच, त्याने आपलं आपण खायला लागावं. "काय गं, काही प्रगती? तिकडे त्यांची मादी कोपरा सोडत नाहीये. काल तर पानालाही तोंड लावलं नाही म्हणे. तुझा तयार असेल तर मी आजच कळवते. नाहीतर त्यांना दुसरा बघायला सांगायला हवं, तिला आता एकटं ठेवून चालणार नाही." पाहुणा तेव्हा तिच्या पावलाशी पसरला होता, मागचे पाय लांब टाकून, बिनघोर. त्याच्या पोटाची ऊब घोट्याला लागत होती. "नाही हो ताई," ती म्हणाली, "अजून मी समोर बसल्याशिवाय तोंड लावत नाही." वाक्य इतकं सहज आलं की जणू कित्येक दिवस तोंडात तयार होतं. "दोन दिवस बघते," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार." हे शेवटचं नसतं बोलली तर बरं झालं असतं.

फोन ठेवून ती केस विंचरायला बसली आणि फणी केसांत अडकली. अशी फणी अडकली की वडील "हं" म्हणायचे, दोष केसांचा नाही, फणीचाही नाही, अशा सुरात. आई गेली तेव्हा ती शाळेत होती. वडील वायरमन. घरात आल्यावर बोलायचे कमी, पण सकाळी मात्र तिला पुढ्यात बसवून वेणी घालायचे. तीन पेड वायरी पिळाव्यात तसे करकचून, टोकाला गाठ अशी की संध्याकाळी सोडवताना डोळ्यांत पाणी. शाळेत पोरी विचारायच्या, "तुझी वेणी कुणी वायरमनने घातली का गं?" ती म्हणायची, "हो." त्यावर कुणाला काही बोलता यायचं नाही. वडलांना गायलेलं निरूपण ऐकायचा नाद होता. गल्लीच्या टोकाच्या सभागृहात एक म्हातारे बुवा येत, निम्मं सांगत, निम्मं गात. ऐकून आलेलं वडील सकाळी वेणीत गुंफायचे, तोंडात फणी धरून, अर्धवट चालीत. "देव लपतो म्हणे, आणि भक्ताला वाटतं आपण शोधला. भक्तही काही कमी नाही. दिसलेला असतो, तरी दिसला नाही असं दाखवतो, का, तर देवाला लपण्याची गोडी लागावी. दोघांना ठाऊक, दोघेही गप्प. याला प्रेम म्हणतात, बाळ. मान सरळ ठेव." मान सरळ ठेवून ती ऐकायची. तिला वेणी येत होती. केव्हाची येत होती. शाळेत मैत्रिणींच्या वेण्या घालून घालून तिची बोटं वडलांच्या बोटांपेक्षा हलकी झाली होती. पण सकाळचा तो पाव तास वडलांजवळ दुसऱ्या कशासाठी नव्हता. ती वेणीला बसली नसती तर ते कुठे बसले असते, त्यांचे हात कुठे गेले असते, हे तिला बघायचं नव्हतं. म्हणून ती रोज बसायची, आणि "दुखतं ना" म्हणायची.

एक दिवस ती डबा विसरली आणि वडील तो द्यायला शाळेच्या फाटकाशी आले. ती पायरीवर बसून एका पोरीची वेणी घालत होती, न बघता, गप्पा मारता मारता, भराभर. मान वर केली तेव्हा वडील फाटकापासून वळून चाललेले पाठमोरे दिसले. डबा शिपायाच्या हातात होता. ते तिथे किती वेळ उभे होते? दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुढ्यात जाऊन बसली तर त्यांनी फणी तिच्या हातात ठेवली. "आज तूच घाल," म्हणाले. राग नाही, लाड नाही. वायर जोडून झाली, आता बटण दाब, अशा आवाजात. तिने मग कितीतरी दिवस मुद्दाम वाकडी वेणी घातली. एक पेड सुटलेला, भांग नागमोडी. ते कधीतरी "दे इकडे" म्हणतील म्हणून. ते म्हणाले नाहीत. निरूपणाच्या गोष्टीही हळूहळू बंद झाल्या. तिला वाटत आलं होतं, वडलांना राग आला. मोठी झाल्यावर वाटलं, त्यांनी शहाणपणाने सोडलं. आता फणी केसांत तशीच ठेवून ती बसली होती आणि पहिल्यांदाच तिला दिसत होतं ते फाटक, बाहेरच्या बाजूने. लोखंडाच्या गजाला लावलेला हात. पोटात खाली खाली गेलेली लिफ्ट. आणि ते खोकले नव्हते. शिपायाकडे डबा देऊन गेले होते.

सकाळी निघताना तिने चटईभोवतीची जागा झाडली. झाडायची म्हणून गवताची टोपली उचलली आणि ओट्यावर ठेवली. झाडून झाल्यावर पाण्याचं भांडं भरलं, खिडकी लोटली, चपला घातल्या. टोपली ओट्यावर होती हे तिला दिसत होतं का? दिसत होतं. दिसत होतं आणि दिसत नव्हतं, दारापाशी उभ्या असलेल्या माणसाला घरातला एखादा दिवा चालू राहिलेला दिसतो आणि तो म्हणतो, जाऊ दे, उशीर होतोय, तसं. पाहुणा चटईवर मागच्या दोन पायांवर उभा राहून तिच्याकडे बघत होता. पुढचे पाय छातीशी धरलेले. आता त्याला तसं उभं राहता यायला लागलं होतं. "येते हं," ती म्हणाली आणि कुलूप लावलं.

विभागात घड्याळकाकांची पाळी होती. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेली, खुब्याचं हाड मोडून आलेले, बोलायला तिखट. त्यांच्या कमरेला पट्टा बांधून ती मागून धरायची आणि समांतर बारच्या दोन दांड्यांमधून चालवायची. तिची एक हातोटी होती, सगळ्या विभागात तिचं नाव त्यासाठीच होतं. पेशंट चालायला लागला, पावलाला लय आली, की ती पट्टा हळूच सोडून द्यायची आणि तोंडाने मात्र म्हणत राहायची, "धरलंय हं, मी धरलंय." माणूस बार संपेपर्यंत जायचा, वळून बघायचा, ती हात वर करून दाखवायची, आणि मग जो चेहरा व्हायचा त्यासाठी तर ती या कामात होती. आज तिने पट्टा सोडला. "धरलंय हं, काका." काका दोन पावलं गेले आणि न वळताच म्हणाले, "कशाला खोटं बोलतेस गं? सोडलायस तू केव्हाच."

"नाही हो. धरलंय."

"अगं, आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरल्यात मी. ताण असला-नसला कळायचा नाही होय? पहिल्या खेपेपासून कळतंय. म्हटलं पोरीला वाटतंय आपण धरलंय, वाटू दे. मी सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी मला घरी पाठवलं असतंस. घरी कोण आहे? सून. ती धरत पण नाही आणि सोडत पण नाही." शेजारच्या बारवरचा पेशंट खदखदून हसला. ती हसली नाही. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतके दिवस ज्या चेहऱ्यासाठी आपण थांबत होतो तो चेहरा आपल्याला दाखवण्यासाठी केलेला होता? किती जणांनी? "चला, वळा," ती म्हणाली, नको इतक्या कोरड्या आवाजात, आणि काकांनी मुकाट्याने वळून बारला हात लावला. आत्तापर्यंत त्यांनी बारला हात लावला नव्हता. त्यांचा हात थरथरत होता. म्हणजे पडायची भीती खरीच होती तर. फक्त तिच्या पट्ट्याशी त्या भीतीचा काही संबंध नव्हता, की होता? आणि त्याच क्षणी तिला टोपली दिसली. ओट्यावर, लख्ख. गिरणी थांबली की आटोपलं. तिने पट्टा शेजारच्या सहकारिणीच्या हातात दिला, "घरी जाते, घरी आजारी आहे," म्हणाली, आणि कोण आजारी हे कुणी विचारायच्या आत बाहेर पडली.

या वेळी दाराआड काही आवाज नव्हता. कुलूप उघडताना किल्ली दोनदा घसरली. पाहुणा टेबलाखाली होता, अंगाचं मुटकुळं करून, डोळे अर्धे मिटलेले. चटईवर दोनचार लेंड्या, मोहरीएवढ्या, केसांच्या धाग्यात ओवल्यासारख्या. दातांचा एक हलका कर्रर आवाज येत होता, तो खाण्याचा नव्हता, कळ सोसण्याचा होता. तिने टोपली त्याच्या नाकाशी नेऊन ठेवली. त्याने मान फिरवली. तिने काकडी आणली, जमिनीवर बसली, घास तोडला, मोठ्याने चावला. तो हलला नाही. ती चावत राहिली. पानं चावली, मग गवताची काडीसुद्धा घेतली तोंडात, कडू, धुळकट, टोचणारी, आणि चावली. "ये ना रे. ये ना, बाबा." बाबा हा शब्द तिने त्याला कधीच म्हटला नव्हता. तोंडातलं गवत ओठावरून हनुवटीवर आलं. तो तिथेच बसून होता आणि त्याच्या कुशी धापेने हलत होत्या, आणि समोर बसणारं माणूस असण्याचा काही एक उपयोग नव्हता.

फोन केल्यावर लॉन्ड्रीवाली आली ती दुकान तसंच उघडं टाकून आली. अंगाला गरम कापडाचा वास. तिने काही न विचारता त्याला उचललं, पोट चाचपलं, पिशवीतून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध काढलं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला लावली. "पोट गच्च झालंय. काल कसा होता?" चांगला होता. "सकाळी?" सकाळी उभा राहिला होता. "मग गवत खाल्लं का नाही दिवसभर?" पिचकारीत पेज भरता भरता तिचे हात थांबले. आता खोटं सुचलं असतं तर ती बोललीही असती, पण सुचलंच नाही. "गवत नव्हतं," ती म्हणाली. "मी उचलून ठेवलं होतं. तो खातो, ताई. एकटा खातो. मी काल दाराबाहेरून ऐकलं. तुम्हाला फोनवर खोटं सांगितलं."

लॉन्ड्रीवालीने तिच्याकडे बघितलं नाही. ती पाहुण्याचं पोट चोळत राहिली, दोन बोटांनी, गोल गोल. "चपलेने मारायला पाहिजे तुला," मग म्हणाली. "एवढ्याशा जिवाशी तू हिशेब चुकते करतेस होय गं? धर. डोकं धर त्याचं. हं, सोड पेज. हळू." गालातून पेज गेली, थोडी गळली, थोडी गिळली. पुन्हा. पुन्हा. खिडकीतलं ऊन भिंतीवरून चढत छताला गेलं. काकू दारात येऊन जावईबापूंबद्दल काहीतरी म्हणायला गेली आणि आतलं बघून गप्प परतली. खूप वेळाने लॉन्ड्रीवाली म्हणाली, "माझ्या दुकानामागे ती करडी म्हातारी आहे ना, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात? तिला इतकी वर्षं कुणी का नेली नाही, माहितीय? मी सगळ्यांना सांगते, ही चावते." तिच्या तोंडावर हसू आलंसं वाटलं. "चावते कसली! दात कुठे राहिलेत तिला." ती बाटली बदलायला उठली, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "पण मी तिचं गवत नाही उचललं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चटईवर एक लेंडी होती. गोल, मोठी, कोरडी. आणि तिच्यापुढे आणखी तीन. ती त्यांच्याकडे वेड्यासारखी बघत उकिडवी बसली आणि मनात जे आलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, देवाला मात्र ते पोचलं असावं. पाहुणा टोपलीत तोंड खुपसून होता. तिच्याकडे त्याची पाठ होती. ती जवळ बसली नाही. ओट्याशी गेली आणि नळ सोडून भांडी घासू लागली, आणि नळाच्या आवाजातूनही तिला ती अडखळ ऐकू येत होती. विभागात घड्याळकाकांना ती म्हणाली, "काका, आज पट्टा बांधत नाही. मी शेजारून चालते." काका म्हणाले, "आणि घरी कधी पाठवणार?" ती म्हणाली, "तुम्ही पडायची भीती घालवलीत की." काका म्हणाले, "मग बस, म्हातारी होशील इथेच." पण चालले. बारला हात न लावता चालले आणि टोकाला गेल्यावर तिच्याकडे वळून बघितलं. तो चेहरा कुणासाठी केलेला होता ते तिने ठरवलं नाही.

पाहुणा पुरता सावरल्यावर लॉन्ड्रीवाली आणि ती त्याला घेऊन बाइंडरकडे गेल्या. घर जिना चढून वर, सरसाचा आणि कागदाचा वास. पाठीत किंचित वाकलेला बाइंडर पाहुण्याची पेटी हातातून घेत म्हणाला, "ससा आणि पुस्तकं, लोक हसतात. पण आमच्या ससीणबाईंनी आजवर एकच पुस्तक खाल्लं, तेही कायद्याचं. पचलं नाही." बायको म्हणाली, "पुरे तुमचं. बसा हो तुम्ही." मधल्या खोलीत जाळी उभी केली होती. तिच्या एका बाजूला ससीण, भुरकट, केस निस्तेज, कोपऱ्याला चिकटलेली. तिची पानं सकाळपासून तशीच पडून सुकली होती. दुसऱ्या बाजूला पाहुण्याला सोडलं. चटई तीच होती, तिने बरोबर आणली होती. गवताची टोपलीही तीच. तो जागेवर गोठून राहिला. ससीणही. चौघं माणसं आणि दोन जीव, आणि खोलीत कुणाचा श्वास ऐकू येईना. तिचे गुडघे सवयीने वाकले, ती भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, आणि बसताक्षणी पाहुणा आला. हातभर अंतरावर येऊन बसला, नाक हलवत, वाट बघत. "तुम्ही खाल्लंत की खातो म्हणे," बाइंडरच्या बायकोने कौतुकाने काकडीची फोड पुढे केली. "घ्या ना. आम्हालाही शिकून घेऊ द्या." लॉन्ड्रीवाली दारात उभी होती. काकडी हातात ओली, गार. तो बघत होता. त्याचा एक कान तिच्याकडे होता आणि दुसरा जाळीकडे. एक घास, एवढंच. एक घास घेतला असता तर तोही जेवला असता, सगळे हसले असते, आणि मग पुढच्या वेळी फोन आला असता, अहो, तुम्ही जरा येऊन बसता का. तिला तो फोन ऐकू आला. त्याला हो म्हणतानाचा आपला सुखाचा स्वरही ऐकू आला. तिने काकडी त्याच्यापुढे चटईवर ठेवली आणि उठली. "मी येते जरा," म्हणाली. लॉन्ड्रीवालीने तिला वाट दिली. बाइंडर आणि त्याची बायकोही लॉन्ड्रीवालीच्या खुणेने तिच्यामागून पलीकडच्या खोलीत गेली. तिने बाहेर येऊन दार आपल्यामागे ओढून घेतलं.

जिन्यात उभी राहिली. दाराला कान लावायची लाज वाटली म्हणून नुसती उभी राहिली. खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं, थांबलं. पर्समधून घराची किल्ली काढून तिने मुठीत धरली होती, केव्हा काढली कोण जाणे. आत काही नव्हतं. नंतरही काही नव्हतं. पाय अवघडले आणि तिला वाटलं, आता तो भिंतीला चिकटून बसला असेल, त्या तारेवरच्या रात्रींसारखा, आपण गेलो म्हणजे त्याच्या लेखी आणखी एक सोबत मेली. दाराच्या मुठीवर हात गेला. आणि मग, जमिनीलगतून, बारीक. करकर. करकर, करकर, अडखळ, करकर. तिने मूठ सोडली. थोड्या वेळाने त्याच्या त्या लयीच्या शेजारी दुसरी एक सुरू झाली, तिच्यात अडखळ नव्हती, ती नवखी होती, संथ, थांबून थांबून, बरेच दिवस न वापरलेल्या दातांची. दोन्ही एकमेकींत गुंतत गेल्या. तिच्या पोटात लिफ्ट खाली खाली गेली, आधीसारखीच, जराही कमी नाही. खोकला घशापर्यंत आला होता. या वेळी ती खोकली नाही. जिन्याच्या कठड्याला धरून, चपला हातात घेऊन, आवाज न करता खाली उतरली.

घरी चटईची जागा रिकामी होती, फरशीवर तिच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन. ओट्याशी ती बराच वेळ उभी राहिली. मग ताट घेतलं, वाढून घेतलं, आणि भिंतीला पाठ लावून, त्या चौकोनापासून हातभर अंतरावर, जमिनीवर बसली. पहिला घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. जिन्यात कुणाची तरी पावलं आली आणि पुढे गेली, किंवा गेली नसतील. तिने मान सरळ ठेवली आणि चावायला लागली. दाराबाहेर कुणी उभं असेल, तर त्याला ऐकू जावं इतकं मोठ्याने.